सानपाड्याचा सावध भाडेकरू

सानपाड्यात, पाम बीच मार्ग आणि शीव-पनवेल महामार्ग यांच्या बेचक्यातील सिडकोच्या वसाहतींत, मध्यमवयीन गृहस्थांचा एक वर्ग नांदतो, त्याला अभ्यासाच्या सोयीसाठी ‘सावध भाडेकरू’ असे नाव देता येईल. राहते घर त्याचे स्वतःचेच असते. भाड्याने तो घेतो ती परदेशातील मोटार, आणि तेथे आपल्याला कोणी टोपी घालू नये हाच त्याच्या प्रवासाचा मुख्य हेतू असून कोलोसियम वगैरे गोष्टी आनुषंगिक होत.

या गृहस्थाची जडणघडण शेजारच्या तुर्भ्याच्या घाऊक बाजारात झालेली असते. हापूसच्या पेटीतला वरचा थर पाहून भुलू नये, तळाचे आंबे उपसून पाहावेत, आणि पेट्रोल भरताना यंत्रावर शून्य दिसल्याखेरीज नळी टाकीत जाऊ देऊ नये, हे शिक्षण त्याला फुकट मिळालेले असते. पुढची इयत्ता गोव्याची. तेथे तो काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेलीच मोटार घेतो, कारण चालकाविना भाड्याने देण्याचा परवाना असलेल्या गाडीची ती खूण होय. ‘आपल्याच माणसाची आहे, साहेब’ म्हणत पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात पुढे करणाऱ्याला तो वाटेला लावतो.

मग आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना, म्हणजे मूळ परवान्याच्या जोडीने परदेशात दाखवायची व फार तर एक वर्ष चालणारी पुस्तिका, काढून हा गृहस्थ मिलानच्या विमानतळावर उतरतो. खिडकीमागची तरुणी त्याला जादा विमा विकू पाहते. भाड्यात बहुधा नुकसानीचा विमा असतोच, परंतु त्यात ठरावीक रकमेपर्यंतची तोशीस ग्राहकाने सोसायची असते आणि ती शून्यावर आणण्यासाठी वेगळे पैसे पडतात. हे तो पाठ करून आलेला असल्याने हसून नकार देतो. कार्डाच्या यंत्राने ‘रुपयांत की युरोत?’ असे विचारताच युरो निवडतो, कारण रुपयांच्या त्या सोयीत यंत्रवाल्याचा चढा दर दडलेला असतो. येथवर त्याचे वागणे निर्दोष म्हणावे लागेल.

खरा सोहळा वाहनतळावर होतो. गृहस्थ गाडीभोवती उकिडवा बसत-सरकत फिरतो, प्रत्येक ओरखड्यावर थुंकी लावलेला अंगठा घासून तो धूळ आहे की जखम याचा निवाडा करतो, आणि पत्नीच्या हातातील मोबाइलला उद्देशून ‘डावा मागचा दरवाजा, ओरखडा, आधीचाच’ अशी साक्ष खणखणीत मराठीत नोंदवतो. त्याच चित्रफितीत ‘अहो, लोक बघतायत’ हेही कायमचे मुद्रित होते. सानपाड्यात त्याच्या स्वतःच्या गाडीवर सोसायटीच्या यच्चयावत खांबांच्या खुणा आहेत, पण त्या कधी कोणी मोजलेल्या नाहीत.

स्पेनमध्ये चाकाकडे बोट दाखवून गाडी थांबवायला लावायची आणि मालक चाक पाहायला उतरला की साथीदाराने बॅग लांबवायची, असा एक उद्योग चालतो. हे ऐकून असल्याने गृहस्थ इटलीतही कोणाच्या खुणेला भीक घालत नाही. डिकी उघडी असल्याचे कळवळून सांगणाऱ्या सज्जनालाही तो वेग वाढवून चकवतो.

मात्र फ्लॉरेन्सच्या जुन्या गावठाणात शिरताना वाटेत तांबड्या वर्तुळाची पाटी असते. तिचा अर्थ असा की आत मर्यादित वाहतूक क्षेत्र असून ठरलेल्या वेळी तेथे परवानगी असलेल्या वाहनांनाच प्रवेश मिळतो. कोणी हटकत नाही, शिट्टी वाजत नाही. कॅमेरा गाडीचा क्रमांक टिपतो, भाड्याची कंपनी चालकाचे नाव-पत्ता पालिकेला कळवते आणि कळवण्याच्या श्रमाचे पैसे त्याच्याच कार्डातून वळते करते. फुकट पार्किंगच्या शोधात गृहस्थ त्या पाटीखालून तीनदा जातो.

परदेशी चालकाला नोटीस धाडण्यास इटलीचा कायदा ३६० दिवसांची मुदत देतो, त्यामुळे लिफाफा सानपाड्यात पोहोचेपर्यंत सहलीचे फोटोही विस्मृतीत गेलेले असतात. गृहस्थ चष्मा लावून तो वाचतो. पाच दिवसांत दंड भरल्यास तीस टक्के सूट, ही ओळ येताच त्याची खात्रीच पटते, कारण दिवाळीच्या सेलसारखी घाई करणारी पालिका त्याने पाहिलेली नसते. तो नोटिशीचा फोटो काढतो आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकतो: ‘सावधान! इटलीच्या नावाने नवीन फसवणूक. कोणीही पैसे भरू नयेत.’