कोरी पाटी

माझ्या नाकावर गेली वीस वर्षं अणुसंशोधनाचं उपकरण बसलेलं आहे, हे मला निवृत्तीनंतर कळलं. माझ्या चष्म्याच्या भिंगांच्या प्लास्टिकला सीआर-३९ म्हणतात. १९४० मध्ये अमेरिकेत कोलंबिया रेझिनचे नाना प्रकार करून पाहिले गेले, त्यातला हा एकोणचाळिसावा. पुढे १९७८ मध्ये कार्टराइट, शर्क आणि प्राइस यांनी दाखवलं की, याच प्लास्टिकवर अल्फा कण आपटला तर त्याची वाट आत कायमची कोरली जाते. थोडक्यात, हे प्लास्टिक काही विसरत नाही. ते नेमकं माझ्यासारख्याच्या नाकावर बसावं, हा नियतीचा विनोद.

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला सोसायटीच्या मुलांना किरणोत्सार ‘दाखवतो’ असं मी बोलून गेलो. गायगर काउंटर परवडणारा नव्हता. एम.एस्सी. करणारा भाचा म्हणाला, “मामा, सीआर-३९चे उरलेले तुकडे पाठवतो. वीज नको, बॅटरी नको, काही नको.” मी पत्ता कळवला : मानपाडा, जि. ठाणे.

आमचं मानपाडा घोडबंदर रोडवरचं, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी. डोंबिवलीतही मानपाडा आहे आणि तेही ठाणे जिल्ह्यातच, हे भूगोल शिकवणाऱ्याला ठाऊक असतं. मी विज्ञान शिकवायचो. पाकीट आठ दिवस तिकडे पडून होतं. लोकलने डोंबिवली गाठली, पूर्वेला उतरून रिक्षावाल्याला “मानपाडा” म्हटलं. तो म्हणाला, “कुठून आलात?” मी म्हटलं, “मानपाड्याहून.” त्याने एकदा मला आणि एकदा मीटरला पाहिलं.

१९८५ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी याच प्लास्टिकच्या चळती ‘अनुराधा’ नावाच्या उपकरणात बसवून चॅलेंजर यानातून अवकाशात धाडल्या होत्या. एक चळत स्थिर, दुसरी हळूहळू फिरणारी. म्हणजे विश्वकिरणाचा कण कधी आला तेही कळावं. त्यांचं प्लास्टिक अंतराळात जाऊन आलं. माझं डोंबिवलीला.

आता किरणोत्सारी पदार्थ हवा. वडिलांच्या पेट्रोमॅक्सचं एक न जाळलेलं मेंटल माळ्यावर होतं. जुन्या मेंटलमध्ये थोरियम असतं. त्याच्यामुळेच ते तापल्यावर लख्ख उजळायचं. मी माळ्यावरून ओरडलो, “मेंटल सापडलं!” खालून हिचा आवाज, “घरात एक आहे तेवढं पुरे.”

सोसायटीच्या ग्रुपवर मात्र ‘क्लबहाउसमध्ये रेडिएशन’ एवढंच पोचलं. ज्यांनी आयुष्यात सोसायटीच्या सभेला तोंड दाखवलं नव्हतं, ते जिना चढून विचारायला आले. मी समजावलं : मेंटल डब्यात बंद राहणार, मुलं हात लावणार नाहीत, आणि अल्फा कण हवेत काही सेंटिमीटर गेला की दमतो, त्याला साधा कागदही अडवतो. हे शेवटचं वाक्य मी त्या दिवशी चौदा वेळा म्हटलं. ते लक्षात ठेवा, मी ठेवलं नाही.

एक तुकडा डब्यात मेंटलखाली ठेवला. दुसरा, तुलनेसाठी, कपाटावर उघडा. मुलांना सांगितलं, “घोडबंदर रोड आठवा. उन्हाळ्यात डांबराला बारीक चीर जाते, कुणाला दिसत नाही. पहिला पाऊस पडला की पाणी त्या चिरेतच शिरतं आणि खड्डा होतो. अल्फा कण म्हणजे चीर, आणि आपला पाऊस म्हणजे कॉस्टिक सोडा.” मुलांना एकदम कळलं. घोडबंदरच्या मुलांना खड्डा शिकवावा लागत नाही.

महिन्याने पाऊस पाडायचा दिवस आला. लिटरला पाव किलो कॉस्टिक सोडा, सत्तर अंश, सहा तास. हे मुलांचं काम नव्हे, म्हणून त्यांना लांब ठेवलं. हातमोजे, गॉगल, उघड्या खिडक्या, सगळं केलं. भाच्याने बजावलं होतं, “भांडं स्टीलचं घे.” मी घेतलं ते जर्मनचं पातेलं. अ‍ॅल्युमिनियम आणि कॉस्टिक सोडा एकत्र आले की हायड्रोजन सुटतो, हे मी छत्तीस वर्षं फळ्यावर समीकरणासकट लिहून दिलं आहे. फळ्यावर ते फसफसत नाही. इथे पातेलं दूध उतू जावं तसं चवताळलं, आणि खाली गॅस पेटलेला. तो मी कसा बंद केला ते आठवत नाही. हे मात्र आठवतं : दारात उभं राहून ही म्हणाली, “ते आईने दिलेलं होतं.”

दुसऱ्या दिवशी स्टीलच्या भांड्यात, गच्चीवर, शेगडीशी थर्मामीटर घेऊन सहा तास बसलो. तुकडे धुऊन, पुसून क्लबहाउसमध्ये मायक्रोस्कोपखाली ठेवले. मेंटलखालचा तुकडा : कोरा. कपाटावरचा : वीस ठिकाणी पाहून मिळून १७ ठिपके. गोल, काळसर कडेचे, अगदी घोडबंदरचे. म्हणजे माझ्या प्रयोगानुसार थोरियम निरुपद्रवी आणि आमचं कपाट किरणोत्सारी. मागे उभे असलेले एक काका लगेच फोन काढून ग्रुपवर लिहू लागले.

मी घाम पुसत घरातल्या हवेत थोडा रेडॉन असतोच, तो जमिनीतून आणि भिंतींतून येतो, घरांमधला रेडॉन अशाच फिल्मांनी मोजतात, वगैरे सांगत होतो. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरची सातवीतली मुलगी कोरा तुकडा हातात घेऊन म्हणाली, “सर, याच्या कडेला नख लागतंय. नवीन मोबाइलला असतं तसं काहीतरी चिकटवलंय.”

संरक्षक आवरण. हवेतल्या रेडॉनने आधीच ठिपके पडू नयेत म्हणून कारखान्यातूनच चिकटवलेलं. कपाटावरच्या तुकड्याचं मी सोललं होतं. मेंटलखालच्याचं राहिलं होतं. महिनाभर थोरियमचे कण त्यावर आपटत राहिले आणि आत एक पोचला नाही. सहा तासांचा कॉस्टिक सोडाही वरच्या वर गेला. मी गच्चीवर बसून एक प्लास्टिकची पिशवी उकडली होती.

“म्हणजे सर, अल्फा कण खरंच इतक्या पातळ प्लास्टिकने अडतो?” तिने विचारलं. चौदा वेळा सांगून जे कुणाच्या कानात शिरलं नव्हतं, ते एका न सोललेल्या पापुद्र्याने सिद्ध केलं होतं.

पुढचा प्रयोग मुलांनीच आखला. तीन तुकडे, तिन्ही सोललेले, तिन्ही मेंटलखाली : एक उघडा, एक कागदाआड, एक प्लास्टिकआड. महिन्याने उघड्यावर ठिपके मोजता मोजता नोंदवणारा थकला; उरलेल्या दोन्हींवर शोधावे लागले. प्रयोगाची वही त्या मुलीकडे आहे. तारीख, वेळ, तापमान, ठिपके असे रकाने तिने आखले आहेत. शेवटच्या रकान्याचं शीर्षक आहे : ‘सरांनी सोललं का?’ तिथे मी ‘हो’ लिहिलेलं चालत नाही. ती स्वतः नख लावून बघते, आणि मगच सही करते.