या तारखेनंतर भरल्यास

पेण तालुक्यातलं गागोदे बुद्रुक हे विनोबांचं जन्मगाव. १८९५ साली इथे जन्मलेल्या या माणसाने पुढे देशभर पायी फिरून जमीनदारांकडे जमिनीचा सहावा हिस्सा मागितला, तोही हात जोडून. वीजबिल उशिरा भरलं तर महावितरणचं सव्वा टक्क्यावर भागतं; हात मात्र ग्राहकाने जोडायचे.

विलंब आकाराची गंमत अशी, की एक दिवस चुकला काय आणि दहा चुकले काय, सव्वा टक्का तोच. एकदा चुकलेल्याला मग घाई कसली? (फार ताणू नये, पुढे व्याजाचं मीटर सुरू होतं.) आठवड्याच्या आत भरणाऱ्याला सूट एक टक्का, विसरणाऱ्याला दंड सव्वा. वरचा पाव टक्का बहुधा आठवण करून देण्याची मजुरी.

३ जून २०२० ला निसर्ग वादळाने रायगडातले खांब आडवे केले आणि कित्येक गावांनी आठवडे अंधारात काढले. विजेच्या विलंबालाही नियमांत भरपाई आहे, नाही असं नाही. पण वादळ पडलं दैवी आपत्ती, तिथे सवलत कंपनीला. भात भिजलं, पगार अडकला, या आपत्त्या बिलाच्या हिशेबात दैवी नसतात.