उमेदवारीचा उन्हाळा

पुण्यातील वृत्तपत्रसृष्टीने परगावच्या तरुणांसाठी उन्हाळी उमेदवारीची जी प्रथा जोपासली आहे, तिच्या औदार्याची स्तुती करावी तितकी थोडीच; कारण नारायण पेठ कोठे संपते व शनिवार पेठ कोठे सुरू होते याचा ज्याला पत्ता नाही, अशा नवख्याच्या हाती पहिल्याच दिवशी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचे निवेदन देऊन, उपस्थित मान्यवरांच्या नावांतील एकही वेलांटी न चुकविता ते साठ शब्दांत बसविण्याचा हुकूम फर्मावला जातो, आणि वेतन म्हणून अनुभव, तोही रोखीने व विनापावती, अदा केला जातो. घरमालक भाड्यापोटी अनुभव स्वीकारत नाहीत, ही तक्रार क्षुद्र होय. उलट, पुढील सालापासून या अनुभवाचे शुल्क उमेदवाराकडूनच आगाऊ वसूल करावे व बातमीवर नाव छापल्यास अधिभार आकारावा, अशी आमची नम्र शिफारस आहे. त्यागाचेच म्हणाल तर, १८८२ साली कोल्हापूर प्रकरणातील अब्रुनुकसानीपायी ‘केसरी’चे आगरकर व टिळक यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले, हा त्याग थोर खराच, तथापि निवास व भोजन सरकारी खर्चाने होते.