शिबिरवाले आप्पा

चोपड्यात शिबिर म्हटलं की आप्पा आलेच. मोतीबिंदू असो, तीनचाकी वाटप असो की जयपूर फूट. छातीवर बिल्ला आणि हातात माईक त्यांच्याच. मंडपवाल्याशी घासाघीस, वरण-बट्टीचा अंदाज, पाहुण्यांच्या शाली, सगळं तोंडपाठ. रडण्यात तर त्यांचा हात धरणारा तालुक्यात नाही. दीपप्रज्वलनाला कंठ दाटतो, सत्काराला डोळे पाणावतात, हुंदका मात्र फोटोसाठी राखून ठेवलेला. २०१६च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. आप्पांच्या लेखी एकच, फोटोत दिसणारा. कानाने अधू पोरगा रांगेत उभा राहिला की ते विचारतात, "याला काय झालंय? धडधाकट तर दिसतो!"

भाषण ठरलेलं. जयपूरचे डॉ. सेठी, त्यांचा तो कृत्रिम पाय, उकिडवं बसता येतं, अनवाणी चिखलात उतरता येतं. सेठींबरोबर तो पाय घडवणारे कारागीर रामचंद्र शर्मा भाषणात दर वेळी राहून जातात. कारागिराला शाल देण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

मागच्या शिबिरात लासूरकडचा एक केळी कापणारा गडी पाय बसवून घेत होता. आप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून रुमाल काढला. गडी कळवळून म्हणाला, "आप्पा, पाय मना गया, तुम्ही काब रडी राह्यनात?" मंडप हसला. रुमाल घडी न मोडता खिशात परतला.

आप्पांना ढोंगी म्हणाल तर ते पाप होईल. सातपुड्यातल्या पाड्यांवरून माणसं आणायला ते पदरच्या पैशाने जीप लावतात, रात्री मंडपातच आडवे होतात. पण त्यांची माया टँकरसारखी आहे: आला त्या दिवशी गाव ओलंचिंब, पुढची खेप कधी ते कुणी सांगावं! दोन महिन्यांनी तोच गडी दारात आला. कापलेल्या पायाचा उरलेला भाग काळाने बारीक होतो, मग कृत्रिम पायाची वरची वाटी सैल पडते, चालताना घासते, जखम होते. ती नव्याने बसवावी लागते. यात ना पायाचा दोष, ना माणसाचा. आप्पांनी मात्र ते मनाला लावून घेतलं. "एवढं केलं, तरी कुरकुर आहेच!" म्हणाले, आणि फोन उचलेनासे झाले. बाजारात तो दिसला की आप्पा समोरच्या दुकानात शिरतात. त्यापायी त्यांनी एकदा नको असलेली बादली विकत घेतली.

आप्पांना दुःख सोसतं, तक्रार सोसत नाही. रडणाऱ्याला ते पोटाशी धरतील. पण "वाटी घासते, तीनचाकीचं टायर फाटलं, दाखल्यावर टक्के चुकले" म्हणणाऱ्याला त्यांच्या काळजात जागा नाही. आणि अपंग माणसाचं वर्ष तर अशाच कटकटींनी भरलेलं असतं. दया एका दिवसात संपते, हे माणूसपणच आहे, त्यात लाज कसली? म्हणून काम दयेच्या भरवशावर सोडू नये, एवढंच.

तेव्हा शिबिर भरवणाऱ्या समस्त आप्पांना विनंती: पुढच्या पत्रिकेवर प्रमुख पाहुण्यांची दोन नावं कमी छापा. त्या जागी दुरुस्तीची तारीख छापा आणि वर्षभर फोन उचलणाऱ्या माणसाचा नंबर. तो माणूस न रडणारा असला तर फारच उत्तम.