कातळाची गुणपत्रिका

डोंगराचे शब्दांत वर्णन करत बसणे हा जुन्या लोकांचा रिकामटेकडेपणा. 1946 साली टेरझागींनी बोगद्यातल्या खडकाचे प्रकार चक्क शब्दांत सांगितले: अखंड, थरांचा, चुरा झालेला, फुगणारा. शब्द लिहायचा म्हणजे खडक पाहावा लागतो. आकडा बसल्या जागी भरता येतो.

आधी डीअर यांचा आरक्यूडी आला. बोअरच्या गाभ्यातले 10 सेंटिमीटरहून लांब तुकडे मोजायचे आणि टक्केवारी काढायची. सगळे तुकडे 11 सेंटिमीटरचे निघाले तर शंभर टक्के, 9 चे निघाले तर शून्य. इतका निःस्पृह परीक्षक शोधून सापडायचा नाही. सह्याद्रीच्या बेसाल्टवर त्याची खास मर्जी. लाव्हा थंड होताना पडलेले सांधे बरेचसे उभे, आणि आपला बोअरही उभाच. दोघांची गाठ पडत नाही आणि अहवालात कातळ अखंड ठरतो. दोन थरांमधली तांबडी माती ड्रिलिंगच्या पाण्याबरोबर वाहून जाते. तिच्या जागी गाभ्याच्या पेटीत लाकडी ठोकळा ठेवतात. तो मात्र कधी वाहून जात नाही.

मग 1973 साली बिनियावस्कींनी शंभरपैकी गुण देणारी आरएमआर पद्धत दिली, तर 1974 साली नॉर्वेतून बार्टन आणि सहकाऱ्यांची क्यू आली. दोन्हींसाठी दोनदा डोंगरात जायला नको. क्यूचा नैसर्गिक लॉगरिदम घ्या, 9 ने गुणा, 44 मिळवा, झाला आरएमआर. मग खुशाल लिहावे: ‘दोन स्वतंत्र पद्धतींनी पडताळणी केली.’

आधाराचे पैसे खडकाच्या वर्गावर ठरले की दृष्टीही सुधारते. आरएमआरच्या 40 गुणांना ‘वाईट’ वर्ग संपतो. बोगद्याच्या त्याच तोंडावर कंत्राटदाराच्या भूवैज्ञानिकाला 38 दिसतात, मालकाच्या भूवैज्ञानिकाला 43.

बिनियावस्कींनी एक खोडी मात्र करून ठेवली. सांध्यांची दिशा प्रतिकूल असेल तर गुण कापायचे: बोगद्यात फार तर 12, उघड्या उतारावर 60 पर्यंत. बोगद्यात खडक चहूबाजूंनी आवळलेला असतो. कटिंगची एक बाजू मोकळी, म्हणून सांधा रस्त्याकडे कलला की शिळेला वाट मिळते. कबूल, पण 72 गुणांच्या कातळाला 12 वर उतरवायचे? 1985 साली रोमाना यांनी तर उतारांसाठी एसएमआर ही वेगळी रीतच काढली. सांधा आणि उतार यांच्या दिशांतला कोन मोजा, कल मोजा, सुरुंग लावला की नाही तेही नोंदवा. म्हणजे होकायंत्र घेऊन भर उन्हात कटिंगवर चढा!

शहाणी माणसे बोगद्याचा आकडाच बाहेरच्या कटिंगला लावतात आणि दिशेचा रकाना कोरा सोडतात. माझी विनंती एवढीच, की पुढच्या निविदेत तो रकानाच छापू नये. आणि हा निर्णय पावसाळ्याच्या आत व्हावा, म्हणजे दरड उपसून झाल्यावर बसणाऱ्या चौकशी समितीला कोरी जागा दिसायची नाही.