पेरीचं नक्की झालं तरी काय?

"माई, काल दुपारी तुमच्याकडे कोण आलं होतं हो? दोन बायकांचं इंग्रजीत काहीतरी तावातावानं चाललं होतं. एक तरणी वाटली, दुसरी चांगली मुरलेली."

"दोन कुठल्या, एकच बाई ती. आणि घरात नव्हे, फोनमध्ये. लेकीनं सुचवलेली श्रुतिका लावून गवार मोडत बसले होते. ते 'डॉक्टर हू' नाही का, निळ्या पेटीत बसून काळात हिंडणारा डॉक्टर? १९६३ मध्ये बीबीसीवर सुरू झालं ते. त्यातल्या पेरीची गोष्ट."

कुसुमवहिनींनी कढीपत्त्याची फांदी हातात तशीच धरून कुंपणावर कोपर टेकलं. म्हणजे आता अर्ध्या तासाची निश्चिंती.

"कोण ही पेरी?"

"पेरी ब्राउन. पर्पुगिलियम हे पाळण्यातलं नाव."

"अगं बाई! आत्यानं सूडच उगवला म्हणायचा."

"अमेरिकन पोरगी, वनस्पतिशास्त्र शिकणारी. १९८४ मध्ये लांझारोते बेटावर बुडता बुडता वाचली ती थेट डॉक्टरच्या पेटीत. काम करणारी निकोला ब्रायंट मात्र इंग्लंडातली. हेल तेवढा अमेरिकन."

"मग काय, डॉक्टरशी जमलं?"

"छे हो. नुसती सोबतीण. डॉक्टरला कुणीतरी सोबत लागतंच, नाहीतर शहाणपण शिकवणार कुणाला? पण तिच्या नशिबात काय काय आलं बघा. ऑक्टोबर १९८६. थोरॉस बीटा नावाचा ग्रह. तिथल्या एका शेठजीचा मेंदू त्याच्याच कवटीत मावेना. म्हणून त्याचं मन हिच्या डोक्यात घातलं. मुंडण केलेली ती पोर टेबलावर पडलेली, डोळे उघडते, आणि तिच्या तोंडून बोलतो तो मेला शेठजी! तेवढ्यात यर्कानोस नावाचा राजा घुसतो नि धाडधाड गोळ्या झाडतो. आटोपलं."

"आणि डॉक्टर? तो कुठे उलथला होता?"

"त्याला ऐन वेळी टाइम लॉर्डांनी उचलून नेला. त्याचेच भाऊबंद. खटला चालू होता ना त्याच्यावर."

"भाऊबंद म्हटले की कोर्टकचेरी आलीच."

"पुढे तर ऐका. ६ डिसेंबरला खटल्याचा शेवटचा भाग. कोर्टात सांगतात, पुराव्यात फेरफार झाले होते, पेरी मेलीच नाही, ती त्या यर्कानोसची राणी होऊन सुखात आहे. पडद्यावर गुलाबी बदामाच्या चौकटीत दोघांचे चेहरे, की झालं! लग्न लागलं. मुलीला विचारायची पद्धत नाही. बरं, तो राजा ब्रायन ब्लेस्ड! त्याचा आवाज असा, की त्यानं बायकोला चहा मागितला तर पलीकडच्या ग्रहावर आधण ठेवतील."

वहिनी खो खो हसल्या. मला मात्र या प्रकारात हसू कमी आणि राग जास्त येतो. निर्मात्यांना मरण जड वाटलं, म्हणून एका वाक्यात बाईचा जन्म उरकून टाकला. मारायची तर मारा, नांदवायची तर नीट नांदवा.

"मग जानेवारी २०११ मध्ये नेव्ह फाउंटन नावाच्या लेखकानं हे धागे हातात घेतले. 'पेरी अँड द पिस्कन पॅराडॉक्स'. बिग फिनिश म्हणून कंपनी आहे, १९९९ पासून 'डॉक्टर हू'च्या श्रुतिका काढते. टीव्हीवरची मालिका १९८९ ला बंद पडली होती, तेव्हा जुन्या नटमंडळींना यांनीच पुन्हा बोलतं केलं. त्यात एक स्वस्तातला प्रकार असा, की सोबतिणीनंच गोष्ट सांगायची, मदतीला आणखी एखादा आवाज. बस्स."

"म्हणजे रेडिओवरच्या आपल्या 'पुन्हा प्रपंच'पेक्षाही कमी माणसं!"

"हो ना. तिथे निदान टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत तरी होते. इथे गोष्टीचे दोन भाग. पहिल्यात तरुण पेरी सांगते, की पाचव्या अवतारातल्या डॉक्टरबरोबर २००९ सालच्या लॉस एंजेलिसमध्ये आम्ही एका माशाच्या जातीच्या परग्रहवाल्याच्या मागावर होतो, आणि तिथे मला माझीच म्हातारी आवृत्ती भेटली."

"म्हातारी?"

"चाळिशी उलटलेली हो. विशीतल्या पोरीला आपण सगळ्या म्हाताऱ्याच. सगळं गमतीत चाललेलं. मग दुसरा भाग. तीच गोष्ट, तेच प्रसंग, पण आता ती मोठी पेरी सांगते. आणि पहिल्या भागात जिथे जिथे आपण हसलो, तिथे तिथे पोटात खड्डा पडतो. मुख्य म्हणजे तो मासा! पहिल्यांदा आपण कानांवर विश्वास ठेवून बसतो. दुसऱ्यांदा कळतं, की माशाच्या सोंगात दुसराच कुणी होता. टीव्हीवर असतं तर कुणाच्याही लक्षात आलं असतं. आणि एकाच नटीनं स्वतःशीच बोलायचं, दोन वयांत, तेही नुसत्या श्वासाच्या फरकानं! तुम्हाला भिंतीपलीकडून दोन बायका वाटल्या त्या उगाच नाही."

"पण ही मोठी पेरी राणी होती ना? मग लॉस एंजेलिसात काय करते?"

आता कुठे वहिनी मुद्द्यावर आल्या.

"तीच तर गोम आहे. ही राणी नाहीच. टाइम लॉर्डांनी काळात इतकी ढवळाढवळ केली, की एका पेरीच्या पाच झाल्या. एक टेबलावर मेली. एक राणी झाली. आणि एकीला डॉक्टरबरोबरची पहिली सफर सोडून बाकीची आठवण पुसून घरी धाडली. ही ती."

"म्हणजे नारळीकरांच्या गोष्टीतल्या गंगाधरपंतांसारखं? ट्रकच्या अपघातात सापडतात आणि मराठे पानिपत जिंकलेल्या जगात पोचतात?"

"अगदी तसं. पण तिथे विश्वासरावांना गोळी लागली की नाही यावर हिंदुस्थानचं नशीब फिरतं. इथे एका बाईचंच. शिवाय गंगाधरपंत परत तरी येतात. हिला परतायला जागाच नाही. आपण कुठून आलो तेच ठाऊक नाही! घरी आली ती शाळेतल्या ओळखीच्या मुलाशी लग्न करून बसली. तो हात उगारणारा निघाला. मूल झालं नाही. आता डॉक्टर पर्पुगिलियम ब्राउन होऊन टीव्हीवर लोकांच्या संसाराला सल्ले देते."

वहिनी गप्प झाल्या. कढीपत्त्याची पानं एकेक करून ओरबाडत राहिल्या.

"ज्या पेरीनं ग्रह पाहिले, राक्षसांना तोंड दिलं, ती नवऱ्याचा मार खाते?" त्या म्हणाल्या.

"तिला आठवत असतं की आपण काय काय केलंय, तर खाल्ला असता का? मला विचाराल तर गोळ्यांनी मेली त्यापेक्षा हे वाईट. तिच्या अंगची हिंमतच काढून नेली की हो त्यांनी. आणि जुन्या भक्तांचं काय चाललं होतं, तर पेरी खरी मेली की राणी झाली, एवढाच वाद. फाउंटननं दोन्ही बाजू खऱ्या ठरवल्या आणि तिसरीच बाई आपल्यापुढे उभी केली."

"मग शेवटी त्या डॉक्टरला सांगते का, माझं असं असं झालं म्हणून?"

"सहाव्या अवतारातला डॉक्टर येतो तिच्याकडे. काम कॉलिन बेकरचं. पण पुढचं मी सांगणार नाही. ऐका तुम्हीच."

"असं काय करता माई! इतकं सगळं सांगितलंत नि ऐन वेळी?"

"इंग्रजी सोपं आहे. कुठून घ्यायची ते लेकीला विचारून पाठवते तुम्हाला फोनवर."

"पाठवा. पण तेवढं एक आत्ताच सांगा, त्या मेल्या नवऱ्याला कुणी धडा शिकवला की नाही?"