इथे सही करा, बाकी आम्ही बघतो

ठाणे पूर्वेला, म्हणजे आमच्या कोपरीत, कागद वाचणाऱ्यांची वाण नाही. इमारत पुनर्विकासाला निघाली की विकासकाच्या करारनाम्यातला स्वल्पविरामही सुटत नाही. कार्पेट किती, कॉर्पस किती, भाडे किती महिन्यांचे, यावर सोसायटीच्या सभा मध्यरात्रीपर्यंत रंगतात. आमच्या सोसायटीत सर्वांत चढा आवाज नानांचा. पार्किंगच्या एका कलमापायी त्यांनी अख्खा करार अडवून धरला होता.

याच नानांनी दोन्ही गुडघे बदलायच्या संमतीपत्रावर न वाचता सही ठोकली. चष्मा घरी राहिला होता. पण मजकूर इंग्रजीत असल्याने त्याची उणीव भासली नाही. घरच्यांनी शंका विचारल्या, नाही असे नाही. कॅशलेस होईल ना? खोली एसी आहे ना? सोबतच्या माणसाला जेवण मिळते का? डॉक्टरांनी ‘आणखी काही?’ म्हटल्यावर चिरंजीव उत्तरले, ‘तुम्ही म्हणाल ते!’ बाहेर बाकावर रांग लागलेली. डॉक्टरांनाही सुटल्यासारखे झाले.

पुढे घरच्या सत्यनारायणाला नाना पाटावर बसायला गेले, तेव्हा कळले की मांडी घालणे जपून, उकिडवे बसणे नकोच. ‘हे कुणी बोललंच नाही!’ म्हणून नाना कडाडले. बोलले नसतील, छापले मात्र होते. जंतुसंसर्ग, पायात रक्ताची गुठळी, काही वर्षांनी सांधा पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता, सगळे त्याच कागदावर होते.

संमती कुणाची आणि कशी, हा प्रश्न न्यायालयातही गेला होता. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात रुग्ण भूल दिलेल्या अवस्थेत आत होती आणि मोठ्या शस्त्रक्रियेला होकार घेतला गेला तो तिच्या आईचा. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा होकार चालणार नाही. शुद्धीतल्या सज्ञान रुग्णाने स्वतः होकार द्यायचा, तोही उपचार कोणता, फायदा-धोका काय, पर्याय कोणते आणि काहीच न केल्यास काय होईल, हे कळल्यावर. आपल्याकडे सज्ञान म्हणजे बाहेर फॉर्म भरणारा मुलगा. बाबांना उगाच टेन्शन नको!

२०१७ साली सरकारने गुडघ्याच्या सांध्यांवर किमतीची मर्यादा घातली; कोबाल्ट-क्रोमचा नेहमीचा सांधा जीएसटी वगळून ५४,७२० रुपयांवर आला. धातूचा भाव ठरला. समजावून सांगायला लागणाऱ्या अर्ध्या तासाची ओळ बिलात आजही नाही, मग तो द्यायचा कुणी आणि मागायचा कुणी?

तेव्हा रुग्णालयांनो, संमतीपत्र मराठीत द्या आणि भरती व्हायच्या आधी घरी न्यायला द्या. आणि नानांनो, व्यायाम, वजन, काठी यांवर अजून भागेल का, बसणार तो सांधा कोणत्या कंपनीचा, जिना कधी चढता येईल, हे तुम्ही स्वतः विचारा. उत्तर मिळेपर्यंत सही करू नका. झिजलेल्या गुडघ्याची शस्त्रक्रिया सहसा तातडीची नसते.